डाव्या चाकाचा हब

येसबाकाकांनी पोतं माझ्या लेथच्या पायाशी आपटलं. आत लोखंड होतं, फरशी हादरली.

"शिलाई बघून घे," ते म्हणाले. "सुतळी कुठं तुटलीय का, गाठ कुठं सुटलीय का. नीट बघ."

मी मान वर केली नाही. लेथवर पंपाचा शाफ्ट फिरत होता. "तुमचं काम मी घेत नाही."

"माझं न्हाईच ते. नेजदार वकिलांची शेवरलेट पुण्याच्या एका शौकिनानं घेतलीय. गाडी परत चालती करायचं काम मला दिलंय त्यानं. पुण्याच्या माणसाला काय ठाऊक, कोल्हापुरात मला कोण ब्रेकला हात लावू देत न्हाई ते."

शेवरलेट म्हटल्यावर मी लेथ बंद केला. त्या गाडीचं नाव आमच्या घरात अकरा वर्षं कुणी काढलं नव्हतं.

ही गोष्ट पंच्याण्णव सालची, खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची. मी एकतीस वर्षांची होते आणि उद्यमनगरातल्या आमच्या गल्लीत लेथ चालवणारी एकटी बाई होते. लेथ आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, केशव मिस्त्रींचा. येसबा हुपरे त्यांचे भागीदार. आबांनी कातकाम करायचं, येसबाकाकांनी गाडी खोलायची आणि जोडायची, अशी वाटणी होती. चौऱ्याऐंशी साली दोघांनी वकिलांच्या शेवरलेटचे पुढचे ब्रेक केले. आबा ट्रायलला म्हणून गाडी घेऊन पन्हाळ्याच्या उतारावर गेले आणि डावं चाक निखळलं. गाडी कठड्यावर आदळली. आबा जागच्या जागी गेले.

खोलणं-जोडणं येसबाकाकांचं. चाकाचे नटही त्यांनीच आवळलेले, आणि ते त्यांनी कधी नाकारलं नाही. "पण डावा हब मी वेगळा केलेला न्हाई, मी त्या दिवशी हुपरीला मेव्हणीच्या लग्नात होतो," एवढंच ते सांगत राहिले. चोराच्या उलट्या बोंबा, असं मी म्हणत राहिले. घरात बसून म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी गल्लीतल्या दारोदार जाऊन सांगितलं, येसबानं माझा बाप मारला. तेराव्याला ते आले तेव्हा आईनं त्यांना रस्त्यावरूनच परत पाठवलं. "माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही," म्हणाली. दुकानाच्या पाटीवरचं त्यांचं नाव मी स्वतः कानस घेऊन खरवडून काढलं. वर्षभरात त्यांचं ब्रेकचं काम बंद पडलं आणि ते नाक्यावर सायकलींची पंक्चरं काढायला बसले. येता-जाता त्यांना तिथे पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवताना पाहून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

"ह्यात पुढचे दोन्ही हब हायत," ते आता म्हणत होते. "गाडीवरनं काढले तसे पोत्यात घातले आणि गिऱ्हाइकासमोर शिवले. मी हातोडी लावली असती तर म्हणाली असतीस, ह्यानंच ठोकून आणलं. म्हणून तुझ्याकडं आणलेत. तू वेगळे कर."

"आणि आत तुमची खूण निघाली तर?"

"तर ह्या गल्लीत परत दिसायचो न्हाई. पंक्चरवाला म्हणूनबी न्हाई."

"आणि नाही निघाली तर?"

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "तर तू ज्या ज्या दारात माझं नाव घेतलंस, त्या त्या दारात हब उचलून न्यायचा. पायी. आणि खरं काय ते सांगायचं."

मी सुतळी कापली. मला घाईच झाली होती. त्यांचं पाप त्यांच्याच तोंडावर फेकायची संधी अशी चालत दारात येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

खुणेचं एवढं काय, ते सांगते. चाक ज्यावर बसतं तो हब आणि ब्रेक ज्याला आतून धरतो तो ड्रम, हे जुन्या गाड्यांत एकमेकांना पक्के जखडलेले असतात. वेगळे करायचे झाले, तर करणाऱ्यानं आधी हबच्या कडेला आणि ड्रमच्या पोटाला समोरासमोर खूण ठोकायची, म्हणजे परत जोडताना दोघं जिथल्या तिथे बसतात. आमच्या धंद्याचा हा रिवाजच आहे. जो वेगळं करील त्यानं आपली खूण करायची, आणि पुढे काही झालं तर त्यानंच जाब द्यायचा. येसबाकाकांची खूण तीन ठिपक्यांची, चुलीच्या तीन दगडांसारखी. उद्यमनगरात ती सगळ्यांना ठाऊक होती.

"आधी उजवा घे," ते म्हणाले.

"मला शिकवू नका."

पण उजवाच घेतला. हब आणि ड्रम दोन्हींतून पाच स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांच्यावर आवळतात ते जाड बोल्ट, आरपार गेलेले असतात, आणि प्रत्येक स्टडचं पोलाद भोकाच्या तोंडाशी ठोकून पसरवलेलं असतं. बोटात रुतलेल्या अंगठीसारखं ते कडं दोघांना धरून ठेवतं. ते कडं आधी पोकळ कटरनं कातून काढायचं आणि मगच स्टड प्रेसवर दाबून मागे काढायचा. एका स्टडला पंधरा-वीस मिनिटं जातात. जो आळस करतो, कडं न कापता घण घालतो, त्याचा स्टड निघतो खरा, पण ते कडं भोकातून ओरबाडत जातं आणि भोक मोठं होऊन बसतं. मग त्या हबला नवा स्टड जन्मात पकडत नाही.

मी पाचही कडी कातली, प्रेसखाली एकेक स्टड काढला. ड्रम अलगद हातात आला. भोकं अशी गोल, की कारखान्यातून आत्ताच आली असावीत. हबच्या कडेवर तीन ठिपके होते. काम चोख होतं, आणि ते चोख आहे हे पाहून माझ्या अंगाची आणखीच लाही झाली. ज्याला येतं त्यानंच डाव्या बाजूला हयगय केली, असा त्याचा अर्थ होत होता.

"उजवा करून मी हुपरीला गेलो," ते म्हणाले. "डावा तसाच ठेवला होता. दुसऱ्या दिवशी येतो म्हणालो केशवला. आलो तर डावा जोडून, तांबडा रंग लावून तयार. केशव म्हणाला, झालं काम, चाकं चढव. मी चाकं चढवली."

"किती छान पाठ केलंय."

"अकरा वर्षं दुसरं काम काय होतं मला?"

मी डावा उचलून टेबलावर आपटला. गंजानं माखलेला होता. पाचांतले तीन स्टड मुळाशी तुटलेले, दोन वाकलेले. ड्रमला एका बाजूनं चीर गेलेली. रॉकेल ओतून वायरब्रश मारला तेव्हा आतल्या बाजूनं स्टडच्या डोक्यांभोवती ओबडधोबड गाठी दिसल्या. वेल्डिंगच्या गाठी.

"हे बघा!" मी ओरडलेच. "हे बघा तुमचं काम! स्टडला वेल्डिंगचे टाके मारलेत! तापवलेला स्टड ठिसूळ होतो हे पोरासोरांना कळतं, आणि तुम्ही..."

"कडी कुठायत?" त्यांनी शांतपणे विचारलं.

कडी नव्हती. हे स्टड पसरवलेलेच नव्हते, नुसते टाक्यांवर उभे होते. मी ग्राइंडर लावून टाके उडवले. कटर लागला नाही, प्रेस लागली नाही, लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत ड्रम सुटून आला. हबची भोकं उघडी पडली. पाचांतलं एकही गोल नव्हतं. कडा ओरबाडलेल्या, आतून चरे पडलेले. कुणीतरी कडी न कापता घण घातला होता, भोकं फाटल्यावर नवे स्टड डुगडुगायला लागले होते आणि मग त्यांना टाके मारून, वरून तांबडा रंग फासून विषय मिटवला होता.

"आता पूस," येसबाकाका म्हणाले. त्यांचे हात अजून पाठीमागेच होते.

मी हबची कड रॉकेलच्या चिंधीनं पुसली. एक उभी रेष आणि तिच्या बाजूला दोन ठिपके.

ही खूण मी रोज पाहत होते. आबांच्या हत्यारपेटीवर, पान्यांवर, घणाच्या दांड्यावर तीच होती. लेथ माझ्याकडे आला तशी खूणही आली होती. आदल्याच दिवशी एका पुलीवर मी ती स्वतःच्या हातानं ठोकली होती.

"खोटं आहे," मी म्हटलं. "अशी रेष कुणीही मारील."

"केशवचा पंच आण."

खूण ठोकायचा तो पंच लेथवरच पडला होता. आबांच्या त्या पंचाचं टोक एका बाजूला उडालेलं, त्यामुळे त्याची रेष खाली जरा तुटते. मी तो हबच्या रेषेवर टेकवला. तुटलेल्या जागेसकट बसला. मी परत टेकवला. परत बसला.

आता मला त्या दुपारचं सांगावं लागेल, जे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी वीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. आबांचा डबा घेऊन दुकानात गेले, तर आबा घण घालत होते. शर्ट घामानं भिजलेला. वकिलांचा माणूस दोनदा येऊन गेला होता, साखरपुड्याला गाडी पाहिजे म्हणून. मला पाहून आबा हसले, घण खाली ठेवला आणि म्हणाले, "येसबाला सांगू नकोस. उगीच शिव्या घालील." हब कशाला म्हणतात आणि ड्रम कशाला, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण लेथवर बसल्यावर दुसऱ्याच वर्षी कळलं होतं, कुठल्या कामाला घण घालतात आणि कुठल्या कामाला घालायचा नसतो. मला आठवत नव्हतं असं नाही. त्या दुपारची आठवण यायला लागली की मी मशीन चालू करायचे. मशीनच्या आवाजात माणसाला काही ऐकू येत नाही.

आणि आता येसबाकाका समोर उभे होते आणि मला त्यांचाच राग आला. आपलंच नाणं खोटं निघालं की माणूस दुसऱ्याच्याच अंगावर धावून जातो.

"तुम्ही तेव्हाच का ओरडला नाहीत?"

"ओरडलो न्हाई?" त्यांनी पहिल्यांदा हात सोडले. "तुझ्या दारात ओरडलो. पोलीस चौकीत ओरडलो. वकिलाच्या बंगल्यावर चार खेपा घातल्या, गाडी खोलून बघा म्हणून. त्यानं शेडला कुलूप घातलं. उद्यमनगरात एकानं तरी म्हटलं का, की येसबा म्हणतोय तर एकदा बघू या? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला मी. आणि तू माझ्या बायकोला नळावर काय बोललीस, आठवतंय?"

आठवत होतं. मी म्हटलं होतं, तुझं कुंकू शाबूत राहिलं, माझ्या आईचं तुझ्या नवऱ्यानं पुसलं.

"ती त्या दिवसापास्नं त्या नळावर गेली न्हाई. लांबनं पाणी आणायची. ती वारली तेव्हा ह्या गल्लीतलं चिटपाखरू आलं न्हाई. चौघांना मी हात जोडून आणलं खांदा द्यायला." त्यांचा आवाज चिरकला, त्याचाही त्यांना राग आला. "आता रडू नको. मला तुझं रडणं नको. हब उचल."

मी हब उचलला. दहा-बारा किलोचा असेल. कमरेवर घेतला आणि बाहेर पडले. ते दोन पावलं मागून येत होते.

पहिलं दार खोत स्प्रिंगवाल्याचं. उद्याच्या पूजेसाठी तो भिंतीला चुना लावत होता.

"खोतमामा, आबांचं चाक येसबाकाकांमुळे गेलं नाही. हब आबांनी ठोकून काढला. ही बघा भोकं, ही बघा खूण. मी तुमच्या दारात येऊन खोटं बोलले होते."

खोतांनी ब्रश खाली ठेवला, हबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जाऊ दे गं, मंदा. जुनं झालं आता."

"जुनं न्हाई झालं," मागून काका म्हणाले. "तुझा टेम्पो तू माझ्याकडनं काढून नेलास. आज ऐकून घे."

दुसऱ्या दारात एकानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की मी तर तसं कधी म्हटलंच नव्हतं. तिसऱ्या दारातल्यानंही तेच सांगितलं. सहा-सात दारं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की त्या गल्लीत तसं कधी कुणीच म्हटलं नव्हतं. येसबा हुपरे हौस म्हणून पंक्चरं काढायला बसले होते. मला हसायला आलं आणि हसण्याचीही लाज वाटली. फौंड्रीवाल्यानं खुर्ची पुढे केली आणि चहा सांगतो म्हणाला.

"चहा नको," काका म्हणाले. "ऐकलंस न्हवं? मग झालं."

प्रत्येक दारात मला तेच बोलावं लागलं. आठव्या की नवव्या दारात मी एक वाक्य जास्तीचं बोलले, कारण त्याच्याशिवाय बाकीचं अर्धवट वाटायला लागलं होतं. "आबांना घण घालताना मी पाहिलं होतं. मला माहीत होतं." मागची पावलं थांबली. मी वळून पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं पावलं परत सुरू झाली, पण आता अंतर वाढलं होतं. उरलेल्या दारांत काका एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी तिथेच माझ्या थोबाडीत मारली असती तर मला सोपं गेलं असतं.

एकोणीस दारं झाली. कमरेचं कातडं सोलवटलं होतं, पातळाला गंज आणि रॉकेल लागलं होतं. गल्लीच्या टोकाला आमचं घर. काका रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, पुढे आले नाहीत.

"झालं," ते म्हणाले. "हब दे हिकडं."

"एक दार राहिलंय."

"तिथं नको." ते माझ्याकडे बघत नव्हते. "म्हातारीनं नवऱ्याच्या फोटोवर एवढी वर्षं काढली. वहिनीला सांगू नकोस."

"आबाही असंच म्हणाले होते," मी म्हटलं. "येसबाला सांगू नकोस म्हणाले होते. मी नाही सांगितलं. बघा काय झालं ते."

मी हब घेऊन आत गेले. आई जमिनीवर बसून झेंडूच्या माळा ओवत होती, हत्यारांसाठी, लेथसाठी आणि एक आबांच्या फोटोसाठी. मी तिला जे एकोणीस दारांत बोलले तेच सांगितलं, जास्तीच्या वाक्यासकट. तिनं सुई खाली ठेवली. हबच्या कडेवरून बोट फिरवलं, रेषेवर थांबली, मग दोन ठिपके मोजल्यासारखे चाचपले.

"ह्यांचीच आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

तिनं मला मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं बघितलं. त्यानंतर ती सोळा वर्षं जगली आणि ती नजर मी विसरू शकले नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "भावजी कुठायत?"

"रस्त्यावर."

आई उंबऱ्यापाशी गेली. "भावजी," तिनं हाक मारली, "आत या."

"आज नको, वहिनी." काका जागचे हलले नाहीत. "आज माझं डोकं ठिकाणावर न्हाई. आत आलो तर केशवच्या फोटोला शिव्या घालीन."

आई दारातून बाजूला झाली.

"घाला," ती म्हणाली. "अकरा वर्षांच्या साठल्या असतील."

 काकांनी पायरीशी चपला काढल्या आणि ते आत आले. फोटोसमोर जाऊन उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, जमणार नाही त्यांना. आणि मग त्यांना जमलं. मी जन्म उद्यमनगरात काढला, पण तसल्या शिव्या मी आधी ऐकल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. आबांच्या हयगयीला, त्यांच्या घणाला, वकिलाच्या साखरपुड्याला, स्वतःच्या मेव्हणीच्या लग्नाला, कुणाला म्हणून त्यांनी सोडलं नाही. "एक दिवस थांबला असतास रं, रांडेच्या," ते फोटोला म्हणत होते, "एकच दिवस! पाच कडी कापायची होती नुसती! मी येतच होतो की!"

आई ओटीत झेंडू घेऊन खाली मान घालून ऐकत होती. हब माझ्या कमरेवर होता, आणि त्यांचं संपेपर्यंत मी तो खाली ठेवला नाही.